सारसाला आपले चित्र ठाऊक नसावे

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगाव बांध या नावाने जो विस्तीर्ण जलाशय प्रसिद्ध आहे, त्याच्या निर्मितीचे श्रेय अठराव्या शतकाच्या प्रारंभी होऊन गेलेल्या कोलू पाटील कोहळी या तलावकर्त्याकडे जाते; हा पुरुष पुढे कोलासुर देव या नावाने पूजिला जाऊ लागला, आणि तलावाला वेढून बसलेल्या ज्या डोंगरांना लोक सात बहिणी म्हणतात त्यांच्याच साहाय्याने हे काम तडीस गेले, अशी श्रद्धा त्या मुलखात रूढ झाली. १९७५ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले, २०१३ साली ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले, आणि वनाधिकारी म्हणून येथे राहिलेल्या मारुती चितमपल्ली यांनी 'नवेगावबांधचे दिवस' लिहून हे स्थळ अवघ्या महाराष्ट्राच्या परिचयाचे केले. पाणी, धानाच्या बांध्या, पाणमांजरे, हिवाळ्यात उतरणारे पाहुणे पक्षी आणि महाराष्ट्रात मुख्यत्वे गोंदियाच्या परिसरातच तग धरून राहिलेला सारस, इतकी सामग्री जेथे आयती सिद्ध आहे, तेथल्या एखाद्या संगणक शिकणाऱ्या मुलाच्या मनात या तलावावर एक खेळ रचावा असे आले, तर त्यात नवल ते काय? पुढील विवेचन अशा मुलासाठी आहे. मात्र त्याच्या वडीलधाऱ्यांनाही ते कळावे, असा बेत मी ठेवला आहे.

खेळात एक सारस हवा. तो बांधीतून चालेल, भूक लागली म्हणजे चरेल, जोडीदार दूर गेला म्हणजे त्याला साद घालील, आणि पाणी फार चढले म्हणजे घरटे सोडून उंच जागी जाईल. नवशिक्याला पहिल्या दिवशी जो मार्ग सुचतो तो असा, की सारसाविषयीचे सर्व काही एकाच ठिकाणी लिहावे: भूक इतकी वाढव, दोन पावले पुढे हो, आणि लगेच पडद्यावर लाल डोक्याचा करडा पक्षी रंगव. हा मार्ग वाईट आहे असे पहिल्या दिवशी कोणालाही पटवून देता येणार नाही, कारण पहिल्या दिवशी तो उत्तम चालतो. सारस हलतो, दिसतो, आणि घरातील मंडळी कौतुक करतात. पुढे हा खेळ मोबाइलवर न्यावयाचा ठरते, आणि सारसाच्या कोडात पडद्याच्या लांबीरुंदीची चौकशी शिरते. मग रात्रीचा प्रसंग हवासा वाटतो, आणि त्याच कोडात चांदण्याचा हिशेब येतो. मग कोपऱ्यात सबंध तलावाचा लहानसा नकाशा दाखवावा असे कोणी सुचवितो, आणि आता सारसाला स्वतःस दोन प्रकारे रंगविता यावे लागते, एकदा पक्षी म्हणून आणि एकदा ठिपका म्हणून. महिन्याभरात भूक आणि जोडीदार या मूळच्या गोष्टी रंग, प्रकाश आणि पडदा यांच्या गर्दीत अशा हरवून जातात, की सारस उपाशी का राहतो याचा शोध घेणाऱ्याला चांदण्याचे गणित ओलांडून जावे लागते.

तरीही हा केवळ अव्यवस्थेचा प्रश्न असता, तर आळशी माणसाने तो खुशाल सहन केला असता. खरी मेख काळाच्या हिशेबात आहे. पडद्यावरील हालचाल म्हणजे एकामागून एक भराभर काढलेली चित्रे, ज्यांना फ्रेम म्हणतात. आणि सारस जर प्रत्येक फ्रेमला दोन पावले टाकत असेल, तर ज्या यंत्रावर सेकंदास तीस फ्रेम निघतात तेथे तो साठ पावले चालेल, आणि ज्या महागड्या यंत्रावर साठ निघतात तेथे एकशेवीस. श्रीमंताचा सारस दुप्पट वेगाने धावेल! ही गोष्ट काल्पनिक नव्हे. १९७८ साली जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी रचलेल्या 'स्पेस इन्व्हेडर्स' या खेळात परग्रहावरच्या शत्रूंची फौज जसजशी मारली जाऊन विरळ होत जाते तसतशी उरलेल्यांची चाल वेग धरते. याचे कारण असे, की त्या काळच्या यंत्राला एकेका फेरीत एकच शत्रू हलवून रंगविता येई, आणि शत्रू कमी झाले म्हणजे प्रत्येकाची पाळी लवकर येई. हा दोष इतका रोमहर्षक ठरला की तोच त्या खेळाचा प्राण झाला. पण असे दैव सर्वांच्या वाट्याला येत नाही. पहिल्या आयबीएम पीसीच्या ४.७७ मेगाहर्ट्झ गतीवर विसंबून लिहिलेले कित्येक खेळ पुढच्या वेगवान यंत्रांवर खेळण्याजोगे राहिले नाहीत, आणि म्हणून संगणकाच्या पेटीवर 'टर्बो' नावाचे बटण आले, ज्याचे खरे प्रयोजन नावाच्या अगदी उलट, म्हणजे यंत्राला मंद करण्याचे होते. आणि ही चूक जुन्या काळाबरोबर गेली असेही नाही: २०१४ सालच्या 'डार्क सोल्स २' या खेळात शस्त्राची झीज फ्रेमच्या हिशेबाने होत असल्याने सेकंदास साठ फ्रेम काढणाऱ्या यंत्रांवर तलवारी दुप्पट वेगाने मोडत.

यावरचा तोडगा असा, की सारस आणि त्याचे चित्र यांचे अखत्यार वेगळे करावे. सारसाच्या दप्तरी एवढेच असावे: क्रमांक १७, स्थान पूर्वेकडे ४१२, उत्तरेकडे १३७, तोंड नैर्ऋत्येस, भूक ६०, अवस्था चरण्याची, जोडीदार क्रमांक १८. येथे पिसांचा रंग नाही, पायांची लांबी नाही, पडद्याचा तर उल्लेखही नाही. दुसऱ्या बाजूला चित्रण करणारा विभाग, ज्याला व्यवसायात रेंडरर म्हणतात, तो या दप्तरावर नजर टाकतो, क्रमांक १७ हा सारस असून चरतो आहे एवढे पाहतो, आणि मान खाली घातलेल्या सारसाचे चित्र योग्य जागी ठेवून देतो. नकाशा काढणारा विभाग तेच दप्तर वाचून ठिपका ठेवतो. आवाजाचा विभाग तेच वाचून साद ऐकवतो. या व्यवस्थेचा गाभा कोड दोन फायलींत विभागण्यात नाही, कारण दोन फायली करूनही एकमेकींत गुंतवून ठेवणारे पुष्कळ आहेत; गाभा आहे तो माहितीच्या एकेरी वाटेत. चित्रकाराने सारसाविषयी विचारावे, पण त्याला हुकूम सोडू नये. आणि सारसाला तर चित्रकार नावाचे कोणी अस्तित्वात आहे याची वार्ताही नसावी. उद्या चित्रण विभाग समूळ काढून टाकला तरी काळोखात सारस चरत राहिला पाहिजे, त्याला भूक लागली पाहिजे, आणि पाणी चढताच त्याने घरटे सोडले पाहिजे. ही कसोटी सोपी आहे आणि मी तरी हिच्यावरूनच एखाद्या खेळाच्या रचनेची परीक्षा करीन.

ज्या भागात नवेगाव वसले आहे त्या झाडीपट्टीच्या रंगभूमीवर, दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत, रात्रभर चालणारी नाटके ज्यांनी पाहिली असतील त्यांना हे चटकन उमजेल. तिसऱ्या अंकात राजाचा वध होतो तो संहितेच्या आज्ञेने होतो. पडदे वडशाहून आले काय किंवा गावातच रंगविले काय, पेट्रोमॅक्सचा उजेड असो वा आजचे झगझगीत दिवे असोत, राजा मरतो तो मरतोच, आणि दिवे मध्येच गेले म्हणून तो जिवंत होत नाही. पण हे साम्य एका ठिकाणी लंगडे पडते, आणि ते लंगडेपण मोठे बोधप्रद आहे. आमच्या संगीत नाटकांच्या वैभवकाळात 'वन्स मोअर'चा गजर झाला म्हणजे मेलेल्या पात्रालाही उठून पद पुन्हा म्हणावे लागे, अशा आख्यायिका सांगतात. रसिकांच्या दृष्टीने ती पर्वणीच. परंतु खेळाच्या रचनेत दर्शनी बाजूने संहितेत केलेली ही ढवळाढवळ कदापि चालू देता कामा नये.

काळाचा प्रश्न या विभागणीने कसा सुटतो तेही पाहू. सारसांचे जग आता स्वतःच्या घड्याळाने चालते, समजा सेकंदातून वीस वेळा, आणि अशा प्रत्येक ठोक्याला टिक म्हणतात. 'माइनक्राफ्ट' हा आपल्या घरोघरची मुले खेळतात तो खेळ नेमका याच वीस टिकांच्या तालावर चालतो, आणि १९९३ सालच्या 'डूम'चा ताल सेकंदास पस्तीसचा होता. चित्रकार मात्र यंत्राच्या ऐपतीप्रमाणे सेकंदास तीस, साठ किंवा एकशेवीस चित्रे काढतो. मग दोन टिकांच्या मधल्या क्षणी त्याने काय दाखवावे? मागच्या टिकेला सारस ४०० वर होता, या टिकेला ४०४ वर आहे, आणि मधला निम्मा काळ लोटला आहे. तर चित्रकार त्याला ४०२ वर रंगवितो. दप्तरात ४०२ ही नोंद कधीच नव्हती आणि होणारही नाही. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना मात्र चाल अखंड वाटते. चित्र एक टिक मागे राहते एवढीच त्याची किंमत, आणि ती सेकंदाचा विसावा भाग असल्याने पक्षी पाहणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

ही कल्पना केवळ खेळांची मिरास नाही. नॉर्वेचे ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी १९७८-७९ च्या सुमारास अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात असताना मूळ वस्तू, तिचे दर्शन आणि तिला हुकूम पोहोचविणारा मध्यस्थ अशी त्रिविध विभागणी मांडली. ती 'मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर' या नावाने आज बँकेच्या खात्यापासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत सर्वत्र पसरली आहे.

महाराष्ट्रात तिचे दर्शन घडवावयाचे तर पुण्याकडे वळावे लागेल. तेथील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने २०२० साली 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा खेळ प्रसिद्ध केला. महाबलासुराने पळविलेल्या गोलू या धाकट्या भावाच्या शोधार्थ निघालेली राजी, दुर्गेने तिला दिलेला त्रिशूळ, राजस्थानी धाटणीचे वाडे आणि छायाबाहुल्यांच्या रूपाने सांगितलेली पूर्वकथा, यांमुळे त्याची परदेशातही वाखाणणी झाली. हा खेळ अनरियल इंजिन या तयार चौकटीवर उभारलेला आहे, आणि त्या इंजिनाने आपल्या चर्चेतील तत्त्व कायद्यासारखे अमलात आणले आहे. तेथे खेळातील व्यवहार एका प्रवाहात चालतो आणि चित्रण दुसऱ्या प्रवाहात, दोन्ही एकाच वेळी. राजीसारख्या पात्राचा दिसणारा भाग खेळाच्या बाजूला एक घटक म्हणून असतो, आणि चित्रणाच्या बाजूला त्याचा एक मुखत्यार नेमलेला असतो, ज्याला सीन प्रॉक्सी म्हणतात. पात्र हलले म्हणजे नवी जागा मुखत्याराला कळविली जाते, आणि चित्रकार आपले सर्व काम त्या मुखत्याराशी करतो. मूळ पात्राला हात लावण्याची त्याला मुभाच नाही, कारण तो चित्र काढीत असताना मूळ पात्र पुढच्या क्षणाच्या व्यवहारात गुंतलेले असते. आपण पडद्यावर पाहतो तो प्रसंग खेळाच्या दृष्टीने एकदोन फ्रेमपूर्वीच घडून गेलेला असतो, हे राजीच्या त्रिशूळाचा झपाटा पाहणाऱ्याला सांगूनही खरे वाटणार नाही.

अशा विभागणीचे फळ कधी कधी दहा-वीस वर्षांनी पदरात पडते. २००१ सालचा 'हेलो' हा खेळ २०११ साली नव्या साजात निघाला तेव्हा त्यात असे एक बटण दिले होते, की ते दाबताच चालू खेळात जुनी चित्रे जाऊन नवी येत आणि पुन्हा दाबताच जुनी परत येत. आतला व्यवहार जुनाच, त्यावर चित्रकार तेवढे दोन. २००० सालच्या 'डायब्लो २'चे जे पुनरुज्जीवन २०२१ साली झाले त्यातही झगझगीत त्रिमिती चित्रांच्या तळाशी सेकंदास पंचवीस ठोक्यांचा तो मूळ खेळच चालतो. मात्र यात एक खोच आहे: 'हेलो'च्या नव्या चित्रातील खडकाची वा झाडाची कड जुन्या हिशेबातील कडेशी सर्वत्र जुळत नसे, आणि डोळ्यांना मोकळ्या दिसणाऱ्या जागेवर गोळी अडे. दप्तर खरे असून भागत नाही. चित्राने त्याच्याशी इमानही राखावे लागते.

आता आपल्या नवेगावच्या खेळात दोन मित्रांनी, एकाने गोंदियात आणि दुसऱ्याने साकोलीत बसून, एकत्र खेळावयाचे ठरविले असे समजू. प्रत्येक पक्ष्याची जागा दर क्षणी तारेवरून पाठवावी, तर हजारो पक्ष्यांच्या थव्यापुढे ती तार अपुरी पडेल. १९९७ सालच्या 'एज ऑफ एम्पायर्स'च्या कर्त्यांपुढे हीच अडचण होती: दीड हजार तिरंदाज, आणि सेकंदास २८.८ किलोबिट वाहून नेणारा मोडेम. त्यांनी तिरंदाजांच्या जागा न पाठविता केवळ खेळाडूंचे हुकूम पाठविले, आणि प्रत्येक संगणकाने त्याच हुकमांवरून तोच इतिहास स्वतंत्रपणे घडवावा अशी योजना केली. ही योजना टिकते ती दोन्हीकडचा हिशेब अक्षरशः एकसारखा राहिला तरच. आणि येथेच चित्रकाराची लुडबुड कशी घातक ठरते ते पाहण्यासारखे आहे. संगणकात यदृच्छेने घडल्यासारख्या वाटणाऱ्या गोष्टींसाठी आकड्यांची एक ठरीव मालिका वापरतात; पाणमांजर डावीकडे वळेल की उजवीकडे, हे त्या मालिकेतील पुढचा आकडा ठरवितो. समजा, पाण्यावरच्या लहरी रंगविण्यासाठी चित्रकारानेही त्याच मालिकेतून आकडे उचलले. गोंदियाचा मित्र तलाव पाहतो आहे, म्हणून त्याच्या यंत्रावर लहरी निघाल्या आणि आकडे खर्ची पडले. साकोलीचा मित्र त्याच क्षणी धानाच्या बांध्या न्याहाळीत आहे, म्हणून तेथे आकडे जागच्या जागी राहिले. पुढच्याच टिकेला गोंदियाचे पाणमांजर डावीकडे गेले आणि साकोलीचे उजवीकडे. अर्ध्या तासात दोघे दोन निराळे तलाव खेळत असतात आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो. नुसते पाहिल्याने जग बदलले! उपाय एकच, की लहरींसाठी चित्रकाराने आपली वेगळी मालिका बाळगावी.

मोबाइलवरील अनेकांच्या लढाऊ खेळांत तर सत्याचे दप्तर खेळाडूच्या यंत्रावर नसतेच. ते दूरच्या सर्व्हरवर असते, आणि त्या सर्व्हरला बहुधा पडदाच जोडलेला नसतो. कोण कोठे आहे, कोणाची गोळी कोणाला लागली, याचा निवाडा तो एकही चित्र न काढता करतो. भिंतीपलीकडचा शत्रू पाहू देणाऱ्या लबाडीच्या क्लृप्त्या मुलांना ऐकून ठाऊक असतात. त्या साधतात त्याचे कारण एवढेच, की चित्र काढणाऱ्या यंत्राला गरजेपेक्षा अधिक माहिती दिलेली असते. २०२० साली आलेल्या 'व्हॅलोरंट' या खेळाने म्हणूनच शत्रू दृष्टीच्या टप्प्यात येण्याच्या बेतात येईतो त्याचा ठावठिकाणा खेळाडूच्या यंत्राला कळविणेच बंद ठेवले. जे दिसणार नाही ते चित्रकाराला सांगू नये, हा त्यातला शहाणपणा.

इतके गुणगान केल्यावर या तत्त्वाचा अतिरेक करणाऱ्यांविषयीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. काही विद्वान एका चेंडूच्या खेळासाठीही सतरा विभाग, त्यांचे मध्यस्थ आणि मध्यस्थांचे मध्यस्थ उभे करतात, आणि चेंडू उडण्यापूर्वीच त्यांचा उत्साह उडून जातो. एका दुपारी रचून संध्याकाळी विसरावयाच्या खेळात सारसाने स्वतःला रंगविले तर आभाळ कोसळत नाही. शिवाय काही गोष्टी सीमेवरच्या आहेत. त्रिशूळाचा वार शत्रूला केव्हा लागला हे हात पूर्ण पुढे गेल्याच्या चित्रावरून ठरवावे की दप्तरातील वेळेवरून? चित्रावरून ठरविले तर डोळ्यांना न्याय मिळतो. वेळेवरून ठरविले तर सर्व यंत्रांवर एकच निकाल मिळतो. माझे मत विचाराल, तर वेळ दप्तरात लिहावी आणि चित्राने त्या वेळेला जुळवून घ्यावे; पण उलट मार्गाने जाऊन उत्तम खेळ रचणारे कारागीर आहेत, हे मान्य केले पाहिजे.

तेव्हा ज्या मुलाला नवेगाव बांधावर खेळ रचावयाचा आहे त्याला माझे सांगणे असे, की त्याने पहिले काही आठवडे एकही चित्र काढू नये. 'ड्वार्फ फोर्ट्रेस' हा अतिशय गुंतागुंतीचा खेळ २००६ पासून सोळा वर्षे निव्वळ अक्षरे आणि चिन्हे यांनीच पडद्यावर दिसत होता, आणि २०२२ च्या डिसेंबरात त्याची चित्रमय आवृत्ती विक्रीस निघाली तेव्हा खालचे जग तेच राहिले. पडद्यावर 'स' म्हणजे सारस, 'प' म्हणजे पाणमांजर, 'ध' म्हणजे धान, आणि मोकळी जागा म्हणजे पाणी, एवढ्यावर भागवावे. पाऊस पाडावा, पाणी चढवावे, आणि 'स' घरटे सोडून उंच जागी जातो की नाही ते पाहावे. जात नसेल, तर दोष कोठे आहे ते शोधताना मध्ये एकही पीस आडवे येणार नाही. गोदो नावाचे इंजिन याच कामासाठी विनामूल्य मिळते, त्याचा कोड सर्वांना खुला आहे, आणि ते साध्या संगणकावरही चालते. सारस नीट वागू लागला, की मग वर्गात ज्याचा हात चित्रकलेत चांगला असेल अशा मित्राला बोलवावे, आणि त्याच्या स्वाधीन रंगपेटी करावी. दप्तराची किल्ली मात्र करू नये.